जुन्या मॅसीला बाहेरचं हायड्रोलिक: डंपिंग ट्रॉली आणि पलटी नांगरासाठी जोडणी

इंग्लंडात १९५६ साली फर्ग्युसन ३५ हा ट्रॅक्टर आला. त्याच घडणीचा मॅसी १०३५ पुढे चेन्नईच्या टॅफे कंपनीने वर्षानुवर्षं बनवला, आणि महाराष्ट्रात आजही तो गावोगावी कामावर आहे. इंजिन दणकट आहे, लिफ्टही चालते. पण हायड्रोलिक पलटी नांगर किंवा डंपिंग ट्रॉली जोडायची म्हटली की मागे तेल घ्यायला कपलरच (होज जोडायचं तोंड) नसतो. मग कुठून तरी एक लिव्हर आणि दोन होज आणून जोडले जातात, आणि आठ दिवसांत लिफ्ट उचलेनाशी होते.

याचं कारण असं की या ट्रॅक्टरचं हायड्रोलिक इतर ट्रॅक्टरांसारखं नाही. ते आधी समजून घ्या, पंप किती तेल देतो ते मोजा, आणि मगच सामान आणायला जा.

आत काय आहे

पंप मागच्या हाउसिंगमध्ये, गिअरच्याच तेलात बुडालेला असतो. चार पिस्टनचा हा पंप पीटीओच्या, म्हणजे अवजारं चालवायला मागे काढलेल्या, शाफ्टवर फिरतो. त्यामुळे क्लच पूर्ण दाबला की पंप थांबतो. डबल क्लचचं मॉडेल असेल तर पहिल्या टप्प्यापर्यंत दाबल्यावर गाडी थांबते, पंप मात्र चालू राहतो.

मोठा फरक कंट्रोल व्हॉल्व्हच्या जागेत आहे. बहुतेक ट्रॅक्टरांत पंप सतत तेल फिरवत असतो आणि व्हॉल्व्ह ते तेल हवं तिकडे वळवतो. फर्ग्युसन पद्धतीत व्हॉल्व्ह पंपाच्या ओढीच्या बाजूला आहे. लिफ्टचा लिव्हर वर केला तरच पंपाला तेल मिळतं. मधल्या स्थितीत पंप नुसता कोरडा फिरतो आणि उचललेलं वजन तेल कोंडून धरून ठेवतो. लिव्हर खाली केला की तेच तेल परत टाकीत सुटतं. म्हणजे उचलणं, धरणं आणि सोडणं ही तिन्ही कामं आतला व्हॉल्व्ह आधीच करतो आहे. ट्रॉलीसाठी याचा मोठा फायदा होतो, तो पुढे येईलच.

या जुन्या पंपाचं तेल कमी असतं, मिनिटाला साधारण १० ते १५ लिटर, आणि झिजलेल्या पंपाचं त्याहूनही कमी. मागच्या हाउसिंगमधलं एकूण तेल ३० लिटरच्या आसपास. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढचे सगळे निर्णय त्यांवरच ठरतात.

जोडणीआधीची तपासणी

लिफ्टला वजनदार अवजार लावा, पूर्ण वर उचला आणि इंजिन बंद करा. अर्ध्या तासात अवजार थोडं खाली आलं तर चालेल. पाच मिनिटांत जमिनीला टेकलं, किंवा इंजिन चालू असताना लिफ्टचे हात सारखे खाली-वर हिंदकळत राहिले, तर आत गळती आहे. लिफ्टच्या पिस्टनची रिंग, उभ्या पाइपाची ओ-रिंग किंवा कंट्रोल व्हॉल्व्हचे सील यांपैकी काहीतरी गेलेलं असतं. आधी ते दुरुस्त करा. गळक्या लिफ्टवर बाहेरचा जॅक (तेलाच्या दाबाने ढकलणारा सिलिंडर) जोडला तर दोष दुप्पट होतो आणि शोधायलाही अवघड जातो.

मग तेल बघा. दुधाळ रंग दिसला तर पाणी शिरलंय. या मॉडेलात ते बहुतेक वेळा गिअर लिव्हरच्या फाटक्या रबरातून, पावसात उघड्यावर उभ्या ट्रॅक्टरात जातं. रबर बदला, तेल बदला, तळाशी बसलेला गाळ काढा. आत जाळी असेल तर ती डिझेलने धुवा.

शेवटी प्रेशर. ० ते २५० बारचा ग्लिसरीन भरलेला गेज घ्या. गेजवर किलो प्रति चौरस सेंटिमीटरचा आकडा असला तरी बिघडत नाही, दोन्ही जवळजवळ सारखेच. गेज बाहेरच्या तोंडाला (पुढे सांगितलेल्या सिलेक्टर व्हॉल्व्हवर ते मिळतं) लावून दाब पूर्ण चढू द्या. आतला रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडून देणारा) जिथे सुटतो तो आकडा लिहून ठेवा. चांगल्या अवस्थेतल्या ३५ च्या पंपावर तो १६० ते १७५ बारच्या दरम्यान येतो. तेल तापल्यावर पुन्हा मोजा. गार असताना १६० आणि गरम झाल्यावर ११० दिसलं तर पंप झिजलाय. असा पंप ट्रॉली अर्धी उचलून थांबेल, मग कितीही चांगला जॅक लावा.

तेल मोजायचं असेल तर होजचं तोंड स्वच्छ डब्यात घट्ट धरून ठेवा, इंजिन १५०० आरपीएमवर ठेवा आणि १५ सेकंदांत डब्यात आलेलं तेल मोजा. त्याला ४ ने गुणा. अडीच लिटर आलं तर मिनिटाला १० लिटर. हा आकडा बिनदाबाचा आहे, वजनाखाली तो थोडा कमी होतो.

कोणत्या कामाला कोणती पद्धत

पलटी नांगराचा जॅक छोटा असतो. ६३ मिमी बोअर (आतला व्यास) आणि २०० मिमी स्ट्रोक (दांड्याची धाव) धरला तर तो भरायला जेमतेम ६२५ सीसी तेल लागतं. १० लिटरचा पंप हे काम चारेक सेकंदांत करतो. ताकदही भरपूर: १४० बारला हा जॅक ४,३०० किलोहून जास्त ढकलतो.

ट्रॉलीचं गणित वेगळं. टेलिस्कोपिक (एकातून एक नळी बाहेर येणाऱ्या) जॅकमध्ये ८–१० लिटर तेल सहज जातं. म्हणजे उचलायला मिनिटभर लागेल, त्याला हरकत नाही. हरकत आहे ती हाउसिंगमधून एक तृतीयांश तेल एकदम निघून जाण्याला. पातळी खाली गेली की पंप हवा ओढू लागतो, तेलाला फेस येतो आणि वरचे गिअर उघडे पडतात. म्हणून बरेच जण आधीच ८ लिटर जादा तेल भरून ठेवतात. तसं करू नका. ट्रॉली खाली असताना ते जादा तेल मागच्या एक्सलच्या सीलमधून ब्रेकवर जातं, आणि तेल लागलेल्या ब्रेकवर भरलेली ट्रॉली उतारावर थांबत नाही. आतल्या पंपावर ४–५ लिटरच्या जॅकची छोटी ट्रॉलीच चालवा. त्याहून मोठा जॅक असेल तर स्वतंत्र टाकी-पंपच लावा.

लोडर, हायड्रोलिक मोटर, लाकूड फोडायचं यंत्र असं सतत तेल लागणारं काही असेल तर आतल्या पंपाचा विचारच नको. तो थांबून-थांबून काम करण्यासाठी बनलेला आहे.

पहिली पद्धत: आतल्या पंपावरून

सीटच्या पुढे, लिफ्ट कव्हरच्या उजव्या बाजूला पुढच्या अंगाला बोल्टांनी बसवलेली एक छोटी टोपी आहे. तिच्या खाली पंपाकडून वर येणारा उभा पाइप आहे. ही टोपी काढून त्या जागी सिलेक्टर व्हॉल्व्ह, म्हणजे तेल लिफ्टकडे की बाहेर ते ठरवणारा व्हॉल्व्ह, बसतो. या मॉडेलसाठीचा तयार व्हॉल्व्ह मिळतो, तोच घ्या. लिफ्ट कव्हरला भोक पाडून आटे मारायच्या भानगडीत पडू नका. बिडाच्या कव्हरला तडा गेला तर ते वेल्डिंगने टिकत नाही, आणि धातूचा कीस आत पडला तर पंप गेलाच म्हणून समजा.

बोल्ट सैल करण्याआधी लिफ्टचे हात पूर्ण खाली आणा आणि इंजिन बंद करा. तो भाग डिझेल आणि ब्रशने धुऊन हवेने कोरडा करा. वर्षानुवर्षांची माती तिथे साचलेली असते, आणि टोपी उघडताना त्यातली चिमूटभर आत पडली तरी कंट्रोल व्हॉल्व्ह अडकतो. टोपी सरळ वर उचला. उभा पाइप सोबत वर आला तर घाबरू नका, पण त्याच्या ओ-रिंगा नव्या घालूनच तो परत बसवा. नवीन व्हॉल्व्ह बसवताना ओ-रिंगला तेल लावा, बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. एक बाजू आधी घट्ट केली तर ओ-रिंग कापली जाते, आणि मग लिफ्ट का उचलत नाही ते कळत नाही. जुनी टोपी पिशवीत घालून जपून ठेवा.

एकेरी जॅकच्या (तेलाने फक्त उचलणाऱ्या) ट्रॉलीसाठी एवढ्यावर काम जवळजवळ संपलं. सिलेक्टरच्या बाहेरच्या तोंडापासून एक होज मागे न्या, शेवटी अर्धा इंची क्विक कपलर लावा. वेगळ्या डीसी व्हॉल्व्हची, म्हणजे तेलाची दिशा बदलणाऱ्या व्हॉल्व्हची, गरज नाही. सिलेक्टर बाहेरच्या बाजूला फिरवा, पोझिशनचा (लिफ्टची उंची ठरवणारा) लिव्हर ट्रान्सपोर्टच्या, म्हणजे अवजार पूर्ण वर असण्याच्या, जागेपुढे, सतत पंपिंगच्या जागी न्या, ट्रॉली उचलली जाईल. हवी तेवढी उचलली की लिव्हर थोडा मागे आणा, ती तिथेच थांबेल. खाली केला की ट्रॉली स्वतःच्या वजनाने उतरेल. रिकामी ट्रॉली उतरायला वेळ लावते, विशेषतः तेल गार असताना. त्यासाठी होज मोठा घ्यायचा, लिव्हर जोराने आपटायचा नाही.

पलटी नांगराचा जॅक दुहेरी (दोन्ही बाजूंना तेलाने हलणारा) असतो, त्याला डीसी व्हॉल्व्ह लागतोच. तो ओपन सेंटरचा (मध्ये असताना तेल परतीला मोकळं सोडणारा), स्प्रिंगने मध्ये परतणारा घ्या. सिलेक्टरपासून त्याच्या पी तोंडाला, ए आणि बी तोंडांपासून मागच्या दोन कपलरना, आणि टी तोंडापासून परतीची लाइन हाउसिंगकडे. परतीचं तेल भरायच्या झाकणातून वरून पडलं तर फेस होतो. झाकणाला पाइप जोडून त्याचं टोक तेलाच्या पातळीखाली न्या, आणि हवा यायची वाट मोकळी ठेवा. डीसी व्हॉल्व्हचा स्वतःचा रिलीफ आतल्या रिलीफपेक्षा २० बार खाली लावा. गेजवर १६५ आलं असेल तर इथे १४५.

बांधावर वळताना क्रम असा: नांगर लिफ्टने पूर्ण वर उचला. सिलेक्टर बाहेर फिरवा, म्हणजे लिफ्टचं तेल कोंडलं जाऊन नांगर वरच राहतो. लिव्हर सतत पंपिंगवर न्या. डीसी व्हॉल्व्हने नांगर पलटवा. लिव्हर परत ट्रान्सपोर्टवर आणा, आणि मगच सिलेक्टर लिफ्टकडे फिरवा. शेवटच्या दोन गोष्टी उलट केल्या तर लिफ्टचे हात मर्यादेपर्यंत जाऊन अडतात आणि आतला रिलीफ किंचाळायला लागतो. दिवसभरात असं अनेकदा झालं तर पंप तापून खराब होतो.

हा क्रम दर वळणावर करायचा म्हणजे कंटाळवाणं काम आहे. चार-पाच एकर घरची नांगरट असेल तर जमून जातं. भाड्याने नांगरट करणाऱ्याने दुसरी पद्धत धरावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

दुसरी पद्धत: स्वतंत्र पंप आणि टाकी

नांगराला पीटीओ लागत नाही, त्यामुळे तो पंपासाठी मोकळा असतो. पीटीओ ५४० आरपीएमवर फिरतो आणि बहुतेक गिअर पंपांना हा वेग फार कमी पडतो. म्हणून मधे १:३ चा वेग वाढवणारा गिअरबॉक्स येतो. दर फेऱ्याला २० सीसी तेल देणारा पंप १,६२० आरपीएमवर फिरला तर मिनिटाला सुमारे ३० लिटर तेल देतो. १६० बारला त्यासाठी १३ एचपीच्या आसपास ताकद लागते, पण तीही काही सेकंदांपुरतीच.

फिरण्याची दिशा विकत घेतानाच ठरवा. मागून पाहिलं तर पीटीओ घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. पंप थेट पीटीओवर बसवला तर त्याच्या शाफ्टकडून पाहताना तो उलट दिशेचा लागतो. एका जोडीच्या गिअरबॉक्समागे बसवला तर काट्यांच्या दिशेचा. दिशा चुकली तर दाब ओढीच्या बाजूला येऊन शाफ्टचं सील पहिल्याच मिनिटात उडतं. गिअरबॉक्स पीटीओसोबत गरगर फिरू नये म्हणून त्याला चॅसीशी जोडणारी साखळी किंवा पट्टी हवी. थोडी ढिली ठेवा, ताणून बांधली तर बेअरिंगवर वजन येतं. नांगर पूर्ण उचलल्यावर त्याची चौकट पंपाला लागत नाही ना, हे इंजिन बंद ठेवून आधी बघा.

लागणारं सामान:

- ५० लिटरची टाकी, मडगार्डवर किंवा पुढे, पंपापेक्षा उंचीवर. आत ओढ आणि परत यांच्यामध्ये आडवा पत्रा.
- ओढीचा होज १ इंची, आत तारेची गुंडाळी असलेला. साधा रबरी पाइप ओढीने चपटा होतो.
- दाबाचा होज अर्धा इंची, आर-२ म्हणजे दोन जाळ्यांचा. परतीचा पाऊण इंची.
- ओढीला १२५ मायक्रॉनची जाळी, परतीला २५ मायक्रॉनचा फिल्टर.
- रिलीफसह डीसी व्हॉल्व्ह, कायम बसवलेला गेज, क्विक कपलर आणि त्यांची रबरी टोपणं.
- हायड्रोलिक ६८ नंबर तेल, ४० लिटर भरण्यापुरतं.

होजचे माप वाटेल तसे बदलू नका. ३० लिटर तेल अर्ध्या इंचाच्या ओढीच्या पाइपातून ओढलं तर पंप खडखडतो. तो आवाज तेलात फुटणाऱ्या बुडबुड्यांचा असतो, आणि ते पंपाचा धातू पोखरतात. फिल्टर परतीला बारीक आणि ओढीला मोकळा ठेवायचा, तोही याच कारणाने.

आटे बीएसपी (ब्रिटिश पाइप मापाचे) घ्या आणि जोडाला डाउटी वॉशर (रबराची कड असलेला धातूचा वॉशर) घाला. टेफ्लॉन टेप वापरू नका. तिचे तुकडे तुटून डीसी व्हॉल्व्हच्या स्पूलमध्ये (आत सरकणाऱ्या दांड्यात) अडकतात. अर्धा इंची आर-२ होजला किमान १८० मिमीचा बाक द्या, सायलेन्सरपासून दूर ठेवा, आणि लिफ्टचे हात खाली-वर होताना कुठे घासत नाही ना ते बघा. होज निकामी होतात ते बहुतेक घासून, दाबाने फुटणारे थोडेच.

ट्रॉलीही याच व्हॉल्व्हवर चालवायची असेल तर एक गोष्ट जपा. एकेरी जॅक ए तोंडाला जोडला आणि बी तोंड बूच लावून बंद केलं, तर ट्रॉली खाली आणताना पंपाचं तेल बंद बुचावर आदळतं आणि रिलीफ सतत सुटतो. बी तोंड परतीच्या लाइनला जोडा.

डबल क्लच नसेल तर वळताना क्लच दाबल्यावर हाही पंप थांबतोच. गाडी न्यूट्रल करा, क्लच सोडा, नांगर पलटवा, मग गिअर टाका.

पहिल्यांदा चालू करताना

पंपात ओढीच्या तोंडातून थोडं तेल ओता. कोरडा पंप फिरवू नये. रिलीफचा स्क्रू पूर्ण सैल करा, इंजिन रेसशिवाय चालू करा आणि दोन मिनिटं तेल नुसतं फिरू द्या. जॅक बिनवजनाचा सात-आठ वेळा पूर्ण आत-बाहेर करा, म्हणजे हवा निघेल. मग जॅक शेवटाला टेकवून लिव्हर धरा आणि रिलीफ पाव-पाव फेऱ्याने आवळत १५० बारपर्यंत आणा. एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त धरू नका. टाकीची पातळी जॅक आत असताना बघायची असते. पहिल्या १० तासांनी परतीचा फिल्टर बदला, नव्या फिटिंगमधला कीस तिथे जमलेला दिसेल.

बिघाड ओळखताना

जॅक धक्के देत हलतो, तेलाला फेस आहे: ओढीच्या बाजूला हवा शिरतेय. तिथे तेल बाहेर गळत नाही म्हणून दिसत नाही. जोडावर ग्रीस लावून बघा, आवाज बदलला तर तोच जोड.

नांगर अर्धा पलटून अडकतो: आधी कपलर बघा. तो पूर्ण बसला नसेल तर आतली गोळी तेल अडवते. त्यानंतर नांगराची पिन आणि ग्रीस. दाब वाढवणं अगदी शेवटी.

तेल फार तापतं: ६० अंशांपर्यंत ठीक. ८० च्या पुढे सील कडक होतात. डीसी व्हॉल्व्हचा लिव्हर मध्ये परतत नाही किंवा रिलीफ सतत सुटतोय, असं बहुतेक निघतं.

गावात एकाची ट्रॉली दुसऱ्याच्या ट्रॅक्टरला लागते, तिथे घाण तेल आणि मातीचे कपलर एकमेकांत मिसळतात. जोडण्याआधी दोन्ही तोंडं फडक्याने पुसा. आतल्या पंपावर चालणाऱ्या ट्रॉलीत दुसऱ्याचं तेल आलं तर ते थेट तुमच्या गिअरबॉक्समध्ये जातं.

जिवाशी संबंधित चार गोष्टी

उचललेल्या ट्रॉलीखाली लोखंडी टेकू लावल्याशिवाय हात घालू नका. जॅकच्या तोंडाशी होज फुटल्यावर बंद होणारा व्हॉल्व्ह बसवा. ट्रॉली सपाट जागीच उचला, आणि आधी वर विजेच्या तारा बघा.

बारीक गळती बोटाने कधीही शोधू नका, पुठ्ठा फिरवा. १५० बारची सुईएवढी धार कातडी भेदून आत जाते. वरून टोचल्यासारखं दिसतं, दुखतही कमी, पण आत तेल पसरून मांस मरतं. अशा वेळी लगेच मोठ्या रुग्णालयात जा, हायड्रोलिक तेल दाबाने आत गेलंय हे स्पष्ट सांगा. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात गमवावा लागतो.